दादाची मान

माझा भाऊ मान डोलावून मोठा झाला. हे मी चिडून म्हणत नाही. म्हणजे चिडलेली आहेच, पण ते खरंही आहे. कुणी शिकून मोठं होतं, कुणी वशिल्यानं, कुणी लबाड्या करून. दादा समोरच्याकडे बघत, हनुवटी जराशी खाली आणत, तासन् तास मान हलवून झाला.

त्याच्या इंटरनेटवरच्या मुलाखतींच्या कार्यक्रमाचं नाव ‘दोन्ही पारडी’. एक टेबल, दोन खुर्च्या, दोन माईक आणि मागे पुस्तकांचं कपाट, ज्यातली निम्मी पुस्तकं बाबांची, वाचायला म्हणून नेलेली आणि परत न आलेली. समोरच्या खुर्चीत कुणीही चालतं, फक्त त्याच्यावरून लोक भांडत असले पाहिजेत. फाशी हवीच म्हणणारा निवृत्त न्यायाधीश येतो. बाहेरून आलेल्यांना हाकला म्हणणारा पुढारी येतो, आणि मग त्या हाकललेल्यांतलीच एक बाई येते. लग्न ही भानगडच मोडीत काढा म्हणणारी प्राध्यापिका येते, लस म्हणजे कट आहे म्हणणारा इंजिनियर येतो. दादा सगळ्यांना सारख्याच मायेनं ऐकतो. मध्ये तोडत नाही, आवाज चढवत नाही. लोकांना त्याचंच कौतुक. ‘बाकीचे ओरडतात, सर ऐकतात,’ असं खाली लिहितात. घरी मी त्याला नंदीबैल म्हणायचे, तर हसायचा. लाखो लोक सर म्हणत असताना बहिणीनं नंदीबैल म्हटलेलं कुणाला लागतं?

या मान हलवण्याचंही शास्त्र आहे. एकदा जेवताना त्यानं मला ते समजावलं होतं.

“हो म्हणायला नाही हलवायची. ‘चालू द्या’ म्हणायला हलवायची. माणूस बोलता बोलता अडखळला की ओळखायचं, आता काहीतरी आतलं येतंय. तेव्हा हळू हलवायची, खोल, आणि नजर काढायची नाही. हातपंपासारखं असतं ते. हलवत राहिलं की येत राहतं.”

“आणि गढूळ पाणी आलं तर?”

“ते ज्यानं त्यानं गाळून घ्यावं,” दादा म्हणाला आणि पोळीला हात घातला.

बाबा तेव्हा टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांनी ऐकलं नसावं. त्यांचा डावा कान तेव्हाच गेलेला होता.

बाबांनी उभी हयात वजनमापं तपासण्यात घालवली. सरकारी शिक्का घेऊन दुकानोदुकानी फिरायचे, तराजू बघायचे, खोटी वजनं जप्त करायचे. लाच सोडा, कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. ते सांगायचे, दुकानात शिरल्यावर वजनांकडे बघूच नये, आधी रिकामा तराजू बघावा. रिकामा तराजूच एका बाजूला झुकत असेल तर त्यात खरं वजन टाकून उपयोग काय? कार्यक्रमाचं नाव दादानं त्यावरूनच उचललं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं तेव्हा. मुलगा आपलाच धंदा करतोय, फक्त माणसं जोखतोय, असं त्यांना वाटलं.

त्यामुळे ते प्रत्येक भाग बघायचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चांगला कान पुढे करून. मी नवऱ्याचं घर सोडून परत आले तेव्हापासून बाबा आणि मी दोघंच राहतो. मी चष्म्याच्या दुकानातून दमून यायचे आणि घरात माझ्या भावाचा आवाज माझ्या आधी येऊन बसलेला असायचा.

बाबांचं हृदय अनियमित चालायचं. मध्येच धावायचं, मध्येच अडायचं. त्याला धोका नको म्हणून रक्त पातळ ठेवायची एक गोळी रोज होती, आणि रक्तदाबाची एक. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, ही पातळवाली चुकवायची नाही, गुठळी झाली आणि मेंदूत गेली तर संपलं. बाबा कधी चुकवायचे नाहीत. शिक्का मारल्यासारखे घ्यायचे.

मग दादाकडे गोळीमोडे आला. त्याचं खरं नाव मी घेत नाही, माझ्या तोंडाला चव राहत नाही. ‘शरीर स्वतःच स्वतःचा डॉक्टर’ असं सांगत गावोगाव फिरणारा गोरागोमटा, हसरा माणूस. तीन तास बोलला. बोलतो छान, हे कबूल करायला हवं. लोणी लावून बोलतो. बोलता बोलता म्हणाला, “रक्त पातळ करायच्या गोळ्या देतात ना म्हाताऱ्यांना, त्यातलं औषध उंदीर मारायला वापरतात, माहीत आहे? तुमच्या आईबापाला तुम्ही उंदराचं विष भरवताय.” एवढं बोलून तो थांबला.

आणि माझ्या भावानं हळू, खोल मान हलवली. नजर न काढता.

दोन दिवसांनी सकाळी मी गोळ्यांची डबी पुढे केली तर बाबांनी ती माझ्याकडे परत सरकवली.

“बंद केल्या.”

“कुणी सांगितलं?”

“दादानं.”

मला वाटलं फोन झाला असेल. फोन झालाच नव्हता. बाबांनी त्याची मान बघितली होती. मी आरडाओरडा केला, डॉक्टरांना फोन लावून दिला, रडूनही पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बाबा शांतपणे म्हणाले, “तू चिडलीस की बोलतेस. तो विचार करून गप्प बसतो.”

मी दादाला बोलावून घेतलं. तो आला, बूट न काढताच बाबांच्या खुर्चीसमोर बसला.

“बाबा, गोळ्या घ्यायच्या. वेडेपणा करू नका.”

“तिथं त्याला हो म्हणालास, इथं मला नाही म्हणतोस?”

“मी हो नाही म्हणालो. मान हलवली फक्त. ती कामाची मान असते, बाबा. समोरच्यानं बोलावं म्हणून.”

“म्हणजे पटत नसताना हलवतोस?”

दादा बुटाच्या लेसशी चाळा करायला लागला.

“खोटी हलवतोस?”

“खोटी नाही हो. ऐकतोय, एवढंच सांगायला.”

“मग हे त्या कार्यक्रमात सांग,” बाबा म्हणाले. “चारचौघांत सांग की माझी मान धरू नका. मग मी डबी उघडतो. इथं बहिणीच्या धाकानं बोलतोयस तू. माणूस खरं कुठं बोलतो, मला कळतं.”

यात चिडण्यासारखं काही नव्हतं खरं म्हणजे. म्हातारा माणूस शब्दाच्या बदल्यात शब्द मागत होता. मी दादाला खाली गाडीपर्यंत सोडायला गेले आणि जिन्यातच म्हटलं, “एक मिनिटाचं काम आहे. पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगून टाक. मी मान हलवतो याचा अर्थ मला पटलं असा नाही, आणि कुणीही औषधं बंद करू नका.”

“तुला कळत नाही गं,” तो म्हणाला. “असं एकदा बोललो की पुढचा प्रत्येक पाहुणा माझ्या मानेकडे बघत बसेल. हा खरंच ऐकतोय की मला चढवतोय? कोण मोकळं बोलेल मग? माझं सगळं दुकान त्यावर आहे.”

“आणि बाप?”

“बापासाठीच करतो ना काहीतरी. हृदयाचा सगळ्यात मोठा डॉक्टर आणतो. पूर्ण भाग त्याचाच. बाबांना तेच पटेल, दुसरी बाजू.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती, हे मला दिसत होतं. पण दया आली नाही. एक वाक्य होतं. बापाचा जीव त्या वाक्याला टांगलेला होता, आणि हा त्याऐवजी तीन तास द्यायला निघाला होता.

मोठ्या डॉक्टरांना सवड व्हायला बरेच आठवडे गेले. तोवर मी बाबांच्या सुपात ती पातळवाली गोळी कुटून घालून पाहिली. पहिल्याच घोटाला त्यांनी वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाले, “खोट पकडण्यात माझी हयात गेली, पोरी.” त्या दिवशी आम्ही दोघंही हसलो. तसं हसणं पुढे झालं नाही.

डॉक्टरांचा भाग आम्ही शेजारी बसून बघितला. डॉक्टर बिचारे खरं बोलत होते आणि खरं बोलणारी माणसं बोलतात तसं कंटाळवाणं बोलत होते. टक्के, धोके, अपवाद. “काही रुग्णांना रक्तस्राव होऊ शकतो, नाही असं नाही,” हेही प्रामाणिकपणे सांगून मोकळे झाले. दादानं त्यांच्यापुढेही मान हलवली. तशीच हळू, तशीच खोल. शेवटी कॅमेऱ्याकडे वळून नेहमीचं वाक्य म्हणाला, “दोन्ही पारडी तुमच्यासमोर आहेत. निर्णय तुमचा.”

मी बाबांकडे बघितलं.

“दोघांनाही सारखीच मान दिली त्यानं,” ते म्हणाले. “याचा अर्थ मोठ्यामोठ्यांचंच अजून ठरलेलं नाही. ठरलं नसेल तर मी विष कशाला खाऊ? निर्णय माझा. ऐकलंस ना?”

रिकामा तराजू बघायला शिकवणारा माझा बाप. पोटच्या पोराचा तराजू मात्र त्यानं कधी रिकामा बघितलाच नाही. तो सरळ आहे असं धरून चालला. सगळेच आईबाप असं करतात आणि मला त्याचा अजून राग येतो.

ते पडले तेव्हा दात घासत होते. बेसिनचा नळ चालू राहिला म्हणून मी डोकावले. ब्रश डाव्या हातात होता, उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबत होता, आणि तोंडातून फेस आणि शब्दासारखं काहीतरी येत होतं. पण तो शब्द नव्हता.

जीव वाचला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गुठळी, डॉक्टर म्हणाले. गोळी चालू होती का, असं विचारलं आणि माझ्या तोंडाकडे बघून पुढचं विचारलं नाही.

काही दिवसांनी हॉस्पिटलात वाचेवर उपचार करणारी बाई येऊन बाबांना तपासून गेली. चित्रं दाखवली, पेला दाखवला, किल्ली दाखवली. मग मला बाहेरच्या बाकावर बसवून म्हणाली, “एक लक्षात ठेवा. ते प्रत्येक गोष्टीला मान हलवतायत. पण त्याचा अर्थ हो असा घेऊ नका. बोललेलं त्यांना सध्या कळत नाहीये. समोरचा बोलतोय एवढं जाणवतं आणि जुन्या सवयीनं मान हलते. घरच्यांना वाटतं, सगळं समजतंय. मग फार गैरसमज होतात.”

मी हसले. त्या बाईला मी वेडी वाटले असेन.

दादा दुपारी आला. चित्रीकरणावरून थेट, कानामागे मेकअपची पावडर तशीच. बाबांचा डावा हात हातात घेऊन स्टुलावर बसला. मी खिडकीपाशी उशीचा अभ्रा बदलत होते.

“बाबा, मी आलोय. ओळखलंत?”

बाबांनी मान हलवली.

“माझं चुकलं, बाबा. तेव्हाच सांगायला हवं होतं. मला माफ केलंत ना?”

बाबांनी त्याच्या डोळ्यांत बघत मान हलवली. दादा कपाळ त्यांच्या हातावर टेकून रडला. खरं रडला, खोटं कशाला बोलू. मलाही भरून आलं. त्या क्षणी मी त्याला काहीच सांगितलं नसतं. आयुष्यभर गप्प बसले असते. एवढी मी बहीण आहे.

पण मग त्यानं नाक पुसलं आणि म्हणाला, “बाबा, आपल्या दोघांवर एक भाग करू? इथंच, या खोलीत. मी सगळं कबूल करीन. लोकांना फार उपयोग होईल. चालेल?”

बाबांनी मान हलवली.

“बघ,” दादा माझ्याकडे वळून म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “हो म्हणाले. माफही केलं आणि परवानगीही दिली.”

मी अभ्रा खाली ठेवला आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

“बाबा,” मी म्हटलं, “हा खिडकीतून उडत आला का?”

बाबांनी मान हलवली.

“काय करतेयस?” दादा म्हणाला.

“मी तुमची आई आहे ना, बाबा?”

बाबांनी मान हलवली. दादाच्या हातातला त्यांचा हात तसाच राहिला, पण दादाचा रंग उतरायला लागला होता. मग मी ते विचारलं. मला थांबता आलं असतं, मी थांबले नाही.

“बाबा, याला तुम्ही कधीच माफ करणार नाही ना?”

बाबांनी माझ्याकडून नजर त्याच्याकडे वळवली. हनुवटी जराशी खाली आणली. हळू, खोल. एकदा, मग पुन्हा एकदा.

“कामाची मान आहे ती,” मी म्हटलं. “बाई सांगून गेली. ऐकतोय, एवढंच.”

दादा बापाच्या तोंडाकडे बघत राहिला, काहीतरी आतलं येईल म्हणून वाट बघत असल्यासारखा. आणि बघता बघता, त्याच्याही नकळत, त्याची मान हलायला लागली. समोर बाबांची हलतच होती. मी पलंगाच्या कडेला बसले होते आणि माझ्याजवळ विचारायला आता एकही प्रश्न नव्हता.