आधी बोगदा

तानुबाईनं टीव्हीसमोर उभ्या राहिलेल्या लालासाहेबाला सदऱ्याला धरून खाली बसवलं.

"सरपंच असशील तुज्या घरी! दिसू दे की आमाला."

पंचायतीच्या हॉलमध्ये हशा पिकला. माण तालुक्यातल्या त्या एवढ्याशा गावात आज घरी कुणी म्हणजे कुणी थांबलं नव्हतं. तानुबाईचा नवरा तात्याबा संसदेत पहिल्यांदाच बोलणार होता. परवापरवापर्यंत मेंढरांमागं फिरून दोन एकर बाजरी करणारा माणूस खासदार झाला, हेच अजून गावाच्या अंगवळणी पडलं नव्हतं. त्यात आज तो साऱ्या देशापुढं तोंड उघडणार!

तो दिल्लीला निघताना तानुबाईनं त्याच्याकडून एकच शब्द घेतला होता. नवा चौपदरी रस्ता झाल्यापासून मेंढरं पलीकडच्या रानात न्यायची म्हणजे जीव मुठीत धरावा लागे. वैशाखात तिच्या डोळ्यांदेखत एका ट्रकनं बारा मेंढरं चिरडली, आणि त्यांच्यामागं धावलेला तिचा धाकटा दीर कोंडीबा थोडक्यात वाचला. रस्त्याखालून मेंढरांपुरता बोगदा पाहिजे. बाकी काही मागू नका, एवढंच बोला, असं तिनं त्याला बजावलं होतं.

"आबा आलं, आबा आलं!" नात समीक्षा किंचाळली.

पडद्यावर पिवळा फेटा उभा राहिला. बोलायला मिळणार होती दोन मिनिटं. पण चार माणसांत गेलं की आधी सगळ्यांची दखल घ्यायची, ही तात्याबाची जन्माची खोड. त्यानं अध्यक्षांना रामराम घातला. मग समोरच्या बाकांना, मग शेजारच्यांना. मग गावाकडं वळला.

"आमच्या गावचे सरपंच लालासाहेब, पायाला भिंगरी लावून फिरलेला माझा भाऊ कोंडीबा..."

"नाव घेतलं माजं! दिल्लीत!" लालासाहेब उठून नाचायलाच लागला. शिट्ट्यांनी हॉल दणाणला.

"आवं, मुद्द्याचं बोला की," तानुबाई पडद्यालाच म्हणाली. पदराचं टोक तिच्या दातांत होतं.

वेळ संपल्याची घंटी वाजली. तात्याबा हसला. "तर माझा विषय असा की—"

आणि आवाज गेला. माइक बंद झाला होता. तात्याबाचं तोंड तेवढं हलत राहिलं. मग त्याचा हात वर गेला आणि तळवा झपकन खालून वळला. एकदा, दोनदा, तीनदा. लगेच पडद्यावर दुसरंच कुणी बोलायला लागलं.

गावाला त्याचं काही वाटलं नाही. बाहेर हलगी सुरू झाली, गुलाल उधळला. तानुबाई मात्र जागची हलली नाही. डोंगरावरून मेंढरं खालच्या अंगानं घालायला सांगताना तात्याबा तिला अशीच खूण करायचा. विसरला नव्हता तो! तिला आनंदानं रडूच फुटलं. मग तेवढाच रागही आला.

तासाभरानं फोन वाजला.

"तानू, समदं ऱ्हायलं गं. माइकच बंद केला."

"हात बघितला मी. कळलं मला."

"कळलं?" तात्याबाला केवढं हायसं वाटलं, ते फोनमधूनही ऐकू आलं. "मग झालं की!"

"काय झालं? रस्ता काय मी बांधती व्हय? परत नंबर लावा. आन् ह्या खेपंला आधी बोगदा, मागनं रामराम."

"व्हय," खासदार म्हणाले.