सरांच्या मनात कोण होतं

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या मराठी मंडळींना रवींद्र सरांचं शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. इंजिनिअरिंग शिकायला आलेला माणूस जपानच्या जुन्या इतिहासाच्या नादी लागतो काय आणि त्यातच प्रोफेसर होतो काय! त्यांच्या घरच्या गणपतीच्या जेवणाला कुणीतरी हमखास विषय काढायचं, "सर, ते तुमच्या दोन सम्राटांचं सांगा ना." आणि सर हातातली पुरी तशीच धरून सुरू व्हायचे.

गो-सागा नावाचा सम्राट. त्याची दोन मुलं, दोघंही एकामागून एक गादीवर बसलेली. पुढे गादी कुणाच्या वंशाकडे जायची हे न सांगताच म्हातारा गेला. कामाकुराच्या लष्करी राज्यकर्त्यांनी त्याच्या विधवेला विचारलं, त्यांच्या मनात कोण होतं? ती म्हणाली, धाकटा. त्या उत्तरानं घराच्या दोन शाखा झाल्या. आधी पाळीपाळीनं गादी, मग भांडणं, आणि शेवटी उत्तरेला एक दरबार, दक्षिणेला एक दरबार, दोन्हीकडे सम्राट आणि दोघंही एकमेकांना खोटं म्हणणारे.

"एका बाईचं एक वाक्य!" असं म्हणून सर आपल्या बायकोकडे, शैलजाकाकूंकडे बघायचे. सगळे हसायचे. काकू वाढत राहायच्या.

वीणा सरांची विद्यार्थिनी. पुण्यात जपानी शिकून ती एका आयटी कंपनीत दुभाषी होती. ती चांगली नोकरी सोडून ती इथं पीएचडीला आली, ती पुरी केली, आणि आता त्याच विभागात वर्षावर्षाच्या कराराने शिकवत होती. दरवर्षी व्हिसाची धाकधूक. सरांचा दुसरा विद्यार्थी वेद. जन्म इथलाच, पार्सिपनीचा, मराठी मोडकं पण गोड. त्याला कॅलिफोर्नियात पक्की नोकरी लागली होती. दोन दरबारांवरचं पुस्तक हे सरांच्या आयुष्याचं काम. ते लिहिता लिहिताच त्यांना कॅन्सर निघाला.

हॉस्पिटलच्या फेऱ्या वीणानं केल्या. सरांना डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा शेजारी बसून तिनं जुन्या दरबाऱ्यांच्या रोजनिशा वाचून दाखवल्या. एका दुपारी गाडीत सर म्हणाले, "हे आता तूच पुरं करायचंस." तिनं मान हलवली. सरांनी फोनवर वेदलाही हेच सांगितलंय, हे तिला फार उशिरा कळलं.

सर गेले. दिवसवार झाल्यावर वीणा काकूंकडे गेली, तेव्हा काकू औषधांच्या बाटल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकत होत्या. हात न थांबवता त्यांनी सांगितलं, "प्रकाशकांनी विचारलं होतं, पुस्तक कोण पुरं करणार. मी वेदचं नाव कळवलं."

वीणाला आधी नीट ऐकूच आलं नाही. "सर तसं म्हणाले होते?"

"त्यांच्या मनात वेद होता, असं कळवलं."

"मनात होता, की म्हणाले?"

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "म्हणाले नाहीत. कुणाचंच नाव नाही घेतलं. शेवटी शेवटी माझ्याशी 'पाणी' एवढंच बोलायचे. तुझ्याशी मात्र तासन्‌तास. मी दार लोटून घ्यायचे, तुम्हाला डिस्टर्ब नको म्हणून."

"काकू, आम्ही काम करत होतो."

"माहितीये ना. कामच होतं. दुसरं काही असतं तर भांडता तरी आलं असतं मला. चाळीस वर्षं कामच होतं."

वीणा म्हणाली, "पण त्या विधवेची गोष्ट तुम्हाला..."

"पाठ आहे. दर गणपतीला ऐकली. तिचा नवरा काही न बोलता गेला, आणि पुरुषांनी येऊन तिला विचारलं त्याच्या मनात काय होतं. तुझ्या मनात काय आहे, हे कुणी विचारलं का तिला? तुझ्या सरांनी तरी?" काकूंचा आवाज चढला नव्हता. "वेद त्यांचं लिहिलेलं जसंच्या तसं ठेवेल. तू बदलशील. ती बाई खरं बोलली असं ते म्हणायचे, आणि तू म्हणायचीस पुरावा काय. तो माणूस मरायला टेकला तरी तू वाद घालत होतीस. दाराबाहेर ऐकू यायचं मला."

वाद घालावा म्हणूनच सर तिला बोलवायचे, आणि पुस्तक तूच पुरं कर असंही म्हणाले होते, हे काकूंना सांगून काय उपयोग होता?

उन्हाळ्यात विभागानं तिचा करार वाढवला नाही. व्हिसा टिकवायचा तर हाताला येईल ते घेणं भाग होतं. पार्सिपनीतल्या एका कंपनीत जपानी ग्राहक आणि पुण्याची टीम यांच्यामध्ये दुभाषी हवा होता. म्हणजे जिथून उठून आली होती तिथेच ती परत जाऊन बसली, फक्त महासागर ओलांडून.

हिवाळ्यात वेदचा फोन आला.

"वीणा, प्लीज हेल्प कर यार. चॅप्टर थ्रीमधली ती डायरी. सम्राटानं धाकट्याचं नाव घेतलं, अशी लाइन आहे. पण तिच्या एंडला दोन कॅरॅक्टर्स किड्यांनी खाल्लेत. फोटोत काहीच दिसत नाही. सर आणि तू क्योटोला जाऊन ओरिजिनल बघितलं होतं ना?"

बघितलं होतं. कागद उजेडासमोर धरला की ती अक्षरं पुसट दिसायची. 'असं म्हणतात', एवढाच त्यांचा अर्थ. म्हणजे रोजनिशी लिहिणाऱ्यानं स्वतः काही ऐकलं नव्हतं, ती दरबारातली उडती बातमी होती. सरांनीही ते पाहिलं होतं. नाइलाजानं हसून म्हणाले होते, "हे प्रकरण आता पुन्हा लिहायला हवं." मग आजार निघाला आणि ते राहून गेलं.

"सरांनी तुला निवडलंय ना?" वीणा म्हणाली. "मग तूच वाच."

"अगं, मी काकूंना काहीच सांगितलं नव्हतं. आय स्वेअर. मला फक्त पब्लिशरचा ईमेल आला."

"मला मीटिंग आहे," म्हणून तिनं फोन ठेवला. मीटिंग नव्हती. दोन-तीनदा तिनं त्याला मेसेज लिहायला घेतला आणि पुसून टाकला. मग कामं आली, आणि ते मागे पडलं. निदान तिनं मागे पडू दिलं.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर सरांचं नाव मोठं, खाली वेदचं, संपादक म्हणून. तिसरं प्रकरण सरांनी ठेवलं तसंच होतं. सम्राटानं धाकट्याचंच नाव घेतलं होतं याचा भक्कम पुरावा म्हणून ते वाक्य तिथे दिलं होतं.

वर्षाच्या आत एका जपानी अभ्यासकानं मूळ कागद तपासून लेख लिहिला. तिरकस नव्हता, उलट फार सभ्य होता. दिवंगत प्राध्यापकांनी ऐकीव गोष्टीला पुरावा मानलं, कदाचित आजारपणामुळे. त्यामुळे त्यांच्या बाकीच्या वाचनावरही किती विसंबावं हे बघायला हवं. वेदबद्दल एक ओळ होती, त्यानं संपादन निष्ठेनं केल्याची.

वीणानं तो लेख ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचला. तिनं वेदवर उगारलेला हात सरांना लागला होता.

काही दिवसांनी काकूंचा फोन आला. "वेद सांगत होता, यांची चूक निघाली म्हणे पुस्तकात."

"चूक नव्हती, काकू. त्यांना कळलं होतं. दुरुस्त करायची होती त्यांना."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"वेदनं विचारलं होतं तुला?"

"विचारलं होतं."

काकू रडतील असं वीणाला वाटलं, पण त्या बोलल्या तेव्हा आवाज कोरडा होता.

"मला राग होता तो तुम्हा दोघांवर," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर आणि त्यांच्यावर. पण लोकांनी त्यांना नावं ठेवावीत असं मला कधी वाटलं नव्हतं ग. तुला वाटलं?"

वीणानं "नाही" म्हटलं. ते काकूंना खरं वाटलं की नाही हे तिला कळलं नाही, कारण फोन तोवर बंद झाला होता. त्या गणपतीला तिला बोलावणं आलं नाही, आणि नंतरही कधी आलं नाही.