'मस्ट'पुढचा शब्द

दाफिनाबाईंनी फळ्यावर वाक्य लिहिलं – यू मस्ट टू वॉश युअर हँड्स – आणि मागे न वळताच शेवटच्या बाकाकडे कान दिला. तिथे इन्स्पेक्टर द्रेन्कोव ओव्हरकोट न काढता बसले होते. त्यांच्या पेनाची करकर ऐकू आली. म्हणजे वाक्य उतरवून घेतलं.

'कॅन' आणि 'मे' निभावले होते. आता 'मस्ट' आणि 'शुड' संपले की सुटका.

उभा जन्म दाफिनाबाईंनी याच वर्गात रशियन शिकवलं होतं. कम्युनिस्ट सरकार गेलं, शाळेतलं रशियनही गेलं, आणि राजधानी सोफियातल्या एका उन्हाळी वर्गानंतर त्या इंग्रजीच्या बाई झाल्या. मुलांच्या एक धडा पुढे राहायचं, एवढंच त्यांचं इंग्रजी. आजच्या तपासणीत नापास झाल्या तर सोमवारपासून घरी. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला. घरात पगार हा एकच. शुक्रवारच्या उपवासाने पोटात नुसता पाव होता.

"कॉम्रेड बाई–" रालित्सा उठली आणि जीभ चावली. "मॅडम. पुस्तकात 'टू' नाहीये."

"छापायचा राहिला असेल," प्लामेन मागून म्हणाला. "कागद महागलाय ना!"

वर्ग खिदळला. बाईंनी पुस्तक उघडलं. खरंच नव्हता. आपल्या बल्गेरियनमध्ये 'पाहिजे' म्हटलं की पुढे एक छोटा शब्द लागतोच. हाताने तो आपसूक लिहिला होता. पण पुस्तक जुनं, दुसऱ्या शाळेने टाकून दिलेलं. त्यावर तरी विश्वास किती ठेवायचा?

"साहेब, आपणच सांगता का?" त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

द्रेन्कोवांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "तास तुमचा आहे, बाई. तुम्हीच ठरवा."

दाफिनाबाईंनी गळ्यातला क्रूस चाचपला. मग तळहातानेच 'टू' पुसून टाकला.

"पुस्तकात आहे तसंच लिहा."

घंटा झाली. मुलं धक्काबुक्की करत बाहेर पडली. द्रेन्कोवांनी दार लावून घेतलं आणि ते फळ्यासमोर येऊन त्या पुसट जागेकडे पाहत राहिले.

"खरंच नसतो का हो?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"मीही रशियनचाच." ते ओशाळं हसले. "त्याच उन्हाळी वर्गातला, तुमच्या आधीच्या वर्षीचा. कुणीतरी इन्स्पेक्टर व्हायचंच होतं."

बाईंना हसू येईना. त्यांनी कपाटातून शब्दकोश काढला. दोघांनी तो टेबलावर उघडला, बोट फिरवत 'मस्ट' शोधला. खाली उदाहरणं होती. एकातही 'टू' नव्हता.

द्रेन्कोव मुलांच्या बाकावर बसले. गुडघे आत मावेनात.

"गेल्या महिन्यात डोंगराकडच्या शाळेत एक बाई होत्या," ते बाकाशीच बोलल्यासारखे म्हणाले. "त्यांनी फळ्यावर 'टू' लिहिला नव्हता. मी सांगितलं, चुकलात. त्या म्हणाल्या, नाही साहेब, असंच असतं. मला वाटलं, उद्धट आहे."

"मग?"

"घरी बसवलं."

बाहेर पटांगणात कुणीतरी चेंडू भिंतीवर आपटत होतं.

"तुमचं झालं," ते घाईने म्हणाले आणि अहवालाचा कागद पुढे ओढला. "उत्तीर्ण लिहितो. फक्त ही गोष्ट या खोलीतच राहू द्या. मला दोन मुली आहेत, बाई. पदरात घ्या."

पेन सहीच्या जागेवर टेकलं. दाफिनाबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. सकाळी निघताना नवरा दारात उभा होता, काही न विचारता, टोपी हातात फिरवत. आत्ताही तसाच उभा असेल.

"साहेब," त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या बाईंचं नाव काय?"

"नाव? कशाला हवंय?"

"त्यांचं बरोबर होतं, साहेब. सांगा ना."

द्रेन्कोवांच्या टेकलेल्या पेनाखाली कागदावर निळी शाई पसरू लागली.

दाफिनाबाईंनी खडूने पांढरा झालेला तळहात उचलला आणि सहीच्या जागेवर ठेवला.

"आधी नाव," त्या म्हणाल्या. "मग लिहा माझं काय लिहायचं ते."