उंबऱ्यावरून न बोलता

मी शवपेटी बोलते आहे. विजेवर थंड राहणारी, काचेच्या झाकणाची. परगावचा मुलगा किंवा मुलगी पोचेपर्यंत मृत देह राखायचा, एवढेच माझे काम. नाव ऐकून पान उलटू नका.

माझा जन्म कोइमतूरच्या कारखान्यातला. तिथून मला बिबवेवाडीत आणले संपत आणि विक्रम या दोन मित्रांनी. त्यांचा आइस्क्रीमचा गाडा एका उन्हाळ्यातच बसला होता. मंदी न येणारा धंदा जगात एकच, असे विक्रमने संपतला पटवले आणि दोघांनी मोटरसायकली विकून मला घेतले. विक्रमने उद्घाटनाचे पेढे वाटले, पहिल्या ग्राहकाला निम्मे भाडे जाहीर केले. शेजाऱ्यांनी पेढे घेतले. सवलतीची मात्र कुणाला घाई नव्हती.

संपतच्या आईने, दुर्गाबाईंनी, पेढाही घेतला नाही. ही वस्तू माझ्या आवारात नको, ही त्यांची अट. म्हणून मी रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिले.

पहिले बोलावणे शनिवार पेठेतून आले. रंगनाथराव या निवृत्त गृहस्थांच्या पत्नी वारल्या होत्या. माझ्यासाठी वॉशिंग मशीनचा प्लग मोकळा केला गेला. उशाशी कणकेचा दिवा, ज्योत दक्षिणेकडे. काम नीट पार पडले. निघताना विक्रमने छापील कार्ड पुढे केले आणि सवयीने म्हणाला, "येतो, काका."

रंगनाथरावांनी चष्मा पुसला. "काम चोख केलंत आपण. पण पुन्हा येऊ नका."

आपल्याकडे घरातून निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्यात परतण्याची हमी असते. म्हणूनच मृत्यू झालेल्या घरातून निघताना तो शब्द टाळतात, कारण माणसाच्या मागोमाग मृत्यूही परत यायचा. रीत दोघांना ठाऊक होती, नव्या धंद्याच्या भरात विसरली होती. त्या दिवसापासून नियम ठरला: पेटी उचलायची, हात जोडायचे आणि मुकाट्याने बाहेर पडायचे.

वर्षभरात विक्रम एका कंपनीत नोकरीला लागला. संपत टिकून राहिला. येरवड्यापासून कात्रजपर्यंत शेकडो उंबरे त्याने न बोलता ओलांडले, आणि तो नियम त्याच्या अंगात इतका मुरला की स्वतःच्या घरूनही तो तसाच निघू लागला. दुर्गाबाई पदराला हात पुसत दारात येत. ते शेडमधून मला दिसे आणि ऐकूही येई.

"येतो म्हन की रं. मुक्यानं जातोस, मला दिसभर कसंतरीच होतंय."

"सवय लागली गं, आई. उद्यापासून म्हणतो."

तो उद्या दोन वर्षे लांबला.

गेल्या श्रावणात एका सकाळी तो मला टेम्पोत घालून कात्रजला निघाला, नेहमीसारखाच. टेम्पो वळेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला. त्या चुलीपुढे बसल्या जागी गेल्या होत्या.

कात्रजचे काम तोवर संपले होते. त्या आवारात मी प्रथमच शिरले. अडवायला त्या नव्हत्या. संपतने स्वतः प्लग लावला. धाकटी बहीण शेफाली दुसऱ्या दिवशी मेलबर्नहून पोचणार होती. तिला आणायला मी जातो, तू आईजवळ थांब, असे विक्रम परोपरीने सांगत होता. संपतने ऐकले नाही. उंबऱ्यापर्यंत गेला, तिथून मागे फिरला आणि माझ्या काचेवर तळहात टेकला.

"आई, येतो."

बसलेल्या बायकांच्या माना वर झाल्या. घरात प्रेत असताना तो शब्द उच्चारला गेला होता, आणि उच्चारणारा हाच धंदा करणारा. एक वृद्धा काही बोलणार होत्या. विक्रमने हात जोडून त्यांना थांबवले. काचेवरच्या दवात संपतच्या पंजाचा ठसा उमटला होता. थंडावा धरणे हा माझा धर्म. तरी तो ठसा राहावा असे मला वाटले. शेफाली येईपर्यंत त्यावर पुन्हा दव धरले होते.

आज मी त्याच शेडमध्ये आहे. एक चाक निखळले आहे, कॉम्प्रेसर थकला आहे. संपत मला विकत नाही आणि दुरुस्तही करत नाही. समोरच्या घरात आता तो एकटाच. सकाळी कुलूप लावून तो बंद दारापुढे क्षणभर उभा राहतो. रस्त्यावरच्या गोंगाटात शब्द ऐकू येत नाही, पण ओठ हलतात.

आपल्या दारात अजून कुणी उभे राहत असेल, तर आज सांगून निघा. माझा निरोप मात्र माझ्या धंद्याच्या रीतीने. मला हात नाहीत. ते जोडले आहेत असे समजा.