पाटीवरचं नाव

सकाळपासून मी तीनदा साडी बदलली. चौथी कपाटातून काढली तेव्हा नात तनिषा दारात येऊन उभी राहिली.

"आजी, तू अजून रेडी नाही? अकरा वाजता प्लाकचा ओपनिंग आहे."

इंग्लंडात मिल्टन कीन्समधल्या आमच्या वस्तीत पहिली कुटुंबं राहायला आली, तो दिवस दर मे महिन्यात साजरा होतो. शाळेला सुट्टी, हिरवळीवर तंबू, केक. यंदा पन्नास वर्षं झाली म्हणून समिती पाटी, म्हणजे तनिषाचा 'प्लाक', लावणार होती. पहिलं कुटुंब : कर्णिक. म्हणजे मीच, आमचे हे आता नाहीत.

आणि ते धादांत खोटं होतं. पहिली आली मीनाक्षी, आमच्या दोन दिवस आधी. आम्ही चिखलात सामान उतरवत होतो, वस्तीत दुकान नाही, घरात गॅस नाही. समोरच्या घरातून ती गरम वरणभात घेऊन आली.

तीन वर्षांनी एका संध्याकाळी तिनं माझं दार वाजवलं. नवऱ्यानं मारलंय, असं ती बाहेरून सांगत होती. हे म्हणाले, "लोकांच्या घरगुती भानगडीत पडू नकोस." मी पडले नाही, दार उघडलंच नाही. पिशवी घेऊन बस स्टॉपकडे जाणारी तिची पाठ मी पडद्याआडून पाहिली. पुढे वस्तीत तिचं नाव कुणी काढलं नाही, आणि आमचंच घर पहिलं ठरलं. मला ते आवडायचंसुद्धा, उगाच साळसूदपणा कशाला करू?

ती आता रीडिंग शहरात असते. कुणाकडून तरी मिळालेला तिचा नंबर किती वर्षं डायरीत नुसता पडून होता. साडी तशीच पलंगावर टाकली आणि फोन लावला.

"मीनाक्षी, मी वैजयंती. इथे पाटी लावतायत. त्यावर तुझं नाव हवं. मी सांगते त्यांना."



"पाटीचं राहू दे," ती म्हणाली. "त्या दिवशी तू घरात होतीस का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं.

"होते."

"मी आजवर धरून चालले होते की तुम्ही बाहेर गेला असाल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अकरा वाजता पाटीवरचा पडदा ओढायची दोरी माझ्या हातात दिली. मी ती सोडून माइक घेतला.

"इथे पहिली मीनाक्षी आली," मी सगळ्यांना सांगितलं. "ती माझं दार वाजवत होती, तेव्हा मी घरात होते."