फुप्फुसावरचा हात

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यांवर त्या सकाळी कुणी बसलं नव्हतं, आणि बसायचं तरी कुणाला होतं म्हणा! सगळे उभे होते, एकाच मोबाईलभोवती. मोबाईलवाल्यानं आतल्या पडद्यावरून टिपलेला एका बाईच्या छातीचा एक्स-रे त्यात होता. फासळ्या, काळपट फुप्फुसं, मधे हृदयाची सावली आणि उजव्या बाजूला, खालच्या फासळ्यांवर, पांढराशुभ्र पंजा. चार बोटं, अंगठा, तळवा. कल्पना लढवायची गरजच नव्हती. शेंबड्या पोरालाही विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं, हा हात आहे.

"अगं बाई, खरंच की!" एक म्हातारी कपाळाला मोबाईल लावून म्हणाली. "नखांपर्यंत दिसतंय!"

नखं काही दिसत नव्हती. पण गर्दीत एकीला नखं दिसली की बाकीच्यांना अंगठी दिसायला किती वेळ लागतो?

गर्दीच्या मधोमध, भिंतीला टेकून, हातवाले बाबा उभे होते. पांढरा सदरा, पांढरी विजार, आवाज असा मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे.

"मी काही केलेलं नाही हो," ते म्हणत होते. "मी कोण करणारा? मी तर धूळ. काल या आईनं पदर पसरला. मी म्हटलं, आई, रडू नकोस, तुझ्या सुनेचं फुप्फुस मी धरून ठेवतो. उद्याच्या फोटोत माझा हात दिसला तर मान, नाही दिसला तर मला पायताणानं हाण. आता तुम्हीच बघा. मी तर धूळ."

ही धूळ बोलताना स्वतःचा उजवा हात सगळ्यांना दिसेल असा छातीशी धरून होती.

दार ढकलून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांची ड्यूटी खरं तर संपली होती, पण आतल्या त्या बाईला टाकून घरी जाववेना. डोळे चुरचुरत होते, पायात गोळे आले होते, आणि समोर ही जत्रा. त्यांना राग यायला हवा होता. पण रागालाही थोडं बळ लागतं. या नोकरीत त्यांनी व्हेंटिलेटरला मंतरलेले दोरे बांधलेले पाहिले होते, नाकातल्या नळीतून अंगारा घातलेला पाहिला होता, उशीखाली सुरी पाहिली होती. दर वेळी समजवायचं, दर वेळी तेच बोलायचं. त्यांना आता स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा आला होता.

"पेशंटचे मिस्टर कुठेयत?"

गर्दीतून एक किडकिडीत माणूस पुढे आला. बेकरीत भट्टीवर काम करणारा. मनगटावर जुने भाजल्याचे डाग. त्याची बायको परवा जिन्यावरून पडली होती. उजव्या तीन फासळ्या मोडल्या होत्या. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत आत अगदी थोडं रक्त दिसलं होतं, म्हणून लक्ष ठेवायचं ठरलं होतं.

"दादा, इकडे या. आत या. तुम्हीपण या, मावशी," त्या त्याच्या आईलाही म्हणाल्या.

आत बाई उशांना टेकून बसवलेली होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे अर्धवट मिटलेले. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत जात होता. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा सकाळपासून उतरत चालला होता. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचं छोटं मशीन ओढून घेतलं आणि त्याचा दांडा तिच्या उजव्या कुशीवर टेकवला.

"हे बघा. हे काळं दिसतंय ना? हे साचलेलं रक्त. परवा एवढंसं होतं, आता हे बघा कुठवर चढलंय. आणि हे जे मधे लोंबतंय, ते तिचं फुप्फुस. रक्तानं दाबून टाकलंय. म्हणून तिला श्वास पुरत नाहीये. बाजूनं एक नळी घालायची, रक्त काढून टाकायचं, फुप्फुस परत फुलतं. आत्ताच घालायला हवी. संध्याकाळपर्यंत थांबलो तर ती हातची जाईल."

नवरा पडद्याकडे बघत राहिला. त्याला पटत होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यानं आईकडे पाहिलं.

"नळी नाही घालायची," सासूबाई म्हणाल्या. "बाबांनी बजावलंय. नळी घातली तर त्यांच्या हाताला भोक पडेल. मग तिला कोण धरणार?"

"मावशी, या मशीनमध्ये हात दिसतोय का कुठे?"

सासूबाईंनी वाकून पाहिलं. "नाही दिसत. पण हे मशीन लहान आहे."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. हसू आलं असतं, पण समोर एक बाई श्वासासाठी झगडत होती आणि तिचा नवरा हो म्हणत नव्हता. तिला स्वतःला विचारावं तर ती ग्लानीत. विचारलेलं कळत होतं की नाही, तेच कळत नव्हतं.

त्यांनी मोठ्या पडद्यावर सकाळचा एक्स-रे उघडला. तो हात म्हणजे धातूचं काहीतरी आहे हे त्यांना पहिल्या नजरेतच कळलं होतं. धातूतून किरण जात नाहीत, म्हणून तो असा पांढराफटक दिसतो. प्रश्न होता तो कुठे आहे याचा. गळ्यात काही नव्हतं, गाऊनला खिसा नव्हता. आणि पंजा नेमका तिथेच बसला होता जिथे रक्त साचलं होतं. या हातामुळे सकाळी कुणाला रक्त दिसलंच नव्हतं.

मग त्यांची नजर करंगळीवर गेली. करंगळी फासळ्यांच्या बाहेर गेली होती. कातडीच्याही बाहेर. बाबांची करंगळी बाईच्या अंगाबाहेर, मोकळ्या हवेत तरंगत होती! म्हणजे हात छातीत नाही, छातीवर नाही. हात अंथरुणात आहे.

"पैलवान!" त्यांनी हाक मारली.

एक्स-रेचं चाकाचं मशीन ढकलत फिरणाऱ्या धिप्पाड माणसाला सगळे पैलवान म्हणत. तो आला, पण पडद्याकडे बघायचं टाळत होता.

"सकाळी एक्स-रेची प्लेट कुठे सारली होतीस?"

"पाठीखाली, मॅडम. म्हणजे... शालीखाली. फासळ्या मोडलेल्या, उचललं की कळवळतात. म्हटलं शालीसकट उचलू आणि खालून सारू. रोज तसंच करतो आपण."

"कसली शाल?"

"ती बाबांनी दिलेली," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "आत थंडी असते ना. बाबांनीच सांगितलं, पाठीखाली अंथरायची, लाल काठ मानेकडे, गाठ उजव्या कुशीला, आणि काही झालं तरी काढायची नाही."

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरला खूण केली. दोघींनी बाईला अलगद कुशीवर केलं. शाल निघाली. दुहेरी, जाडसर, हाताला नेहमीपेक्षा जड. सासूबाईंनी ती ओढायला हात पुढे केला.

"एक मिनिट द्या मला, मावशी. फक्त एक. मी शाल फाडत नाही, टाकत नाही. हिचा फोटो काढते. मग तुम्ही सांगाल तसं."

मशीन ढकलत बाहेर कॉरिडॉरमध्ये आणलं. पैलवाननं एका टेबलावर प्लेट ठेवली आणि गर्दीला मागे हटवलं. बाबांचा मऊ आवाज जरा चढला.

"बेटी, हे बरं नव्हे. शाल अपवित्र होईल. श्रद्धेची परीक्षा बघू नये."

"छे हो बाबा, परीक्षा कसली? उलट मला तुमचाच फोटो हवाय. लोकांना खात्री पटू दे की एक्स-रेतला हात तुमचाच आहे. ठेवा ना इथे हात."

लोक खूश झाले. "ठेवा बाबा, ठेवा! होऊन जाऊ दे!" आता धूळ मागे कशी सरणार? बाबांनी हात ठेवला. पैलवाननं बटण दाबलं. पडद्यावर चित्र उमटलं.

सगळे पुढे झुकले. बोटांचं पेर न् पेर, मनगटातली बारकी हाडं, तर्जनीत एक अंगठी. मांस नुसतं धुरकट.

"हा जिवंत माणसाचा हात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचा काढला तरी असाच येईल, माझा काढला तरी असाच. आत हाडं असतात. आता सकाळचा बघा. हाडं आहेत का कुठे?"

त्या मोबाईलवाल्यानं गुपचूप आपल्या मोबाईलमध्ये पाहिलं. पंजा सलग पांढरा होता.

"आता शाल ठेव, पैलवान. नुसती शाल. ना पेशंट, ना फुप्फुस."

बटण दाबलं. पडद्यावर रिकाम्या काळोखात तोच पंजा उमटला. चार बोटं, अंगठा, तळवा. आणि कडेनं शिवणाच्या सुईचं एक तुटकं टोकसुद्धा, शिवताना राहून गेलेलं.

"अरे देवा," पैलवान म्हणाला, आणि मग त्याला स्वतःचंच हसू आलं.

"शाल चमत्कारी आहे!" बाबा म्हणाले. "माझा स्पर्श तिच्यात उतरलाय. धातूरूपानं!"

"उतरलाय खरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी कात्री नवऱ्याच्या हातात दिली. "दादा, तुम्हीच उसवा. मी हात लावत नाही, नाहीतर म्हणाल डॉक्टरनंच आत घातलं."

त्यानं लाल काठाखालची शिवण उसवली. दोन कापडांच्या मधून शिशाचा पातळ पत्रा निघाला, पंजाच्या आकाराचा कापलेला. शिसं मऊ असतं, घरातल्या कात्रीनंही कापता येतं, आणि किरण अडवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आयसीयूत रोज सकाळी पलंगावरच एक्स-रे काढतात, हे बाहेर आठवडाभर बसणाऱ्या कुणालाही कळतं. शाल पाठीखाली, पत्रा शालीत, प्लेट शालीखाली. झाला चमत्कार!

नवऱ्यानं पत्रा हातात धरला. मग त्यानं मान वर केली, पण बाबा जागेवर नव्हते. लिफ्टचं दार बंद होताना पांढऱ्या विजारीचा एक पाय तेवढा दिसला.

"मॅडम," नवरा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "नळी घाला. लवकर घाला."

नळी घातली. बाटलीत काळपट रक्त उतरत गेलं, आणि ते उतरताना मॉनिटरवरचा आकडा हळूहळू चढायला लागला. गळ्याखालचा खळगा भरून आला. डॉक्टरीणबाईंच्या मनावरचं ओझं उतरलं. त्या स्टुलावर बसल्या.

बाहेर आल्या तेव्हा निम्मी गर्दी पांगली होती. उरलेल्यांत दोन तट. एकजण सांगत होता, "बाबांनी मुद्दाम पकडून घेतलं स्वतःला, आपला अहंकार जावा म्हणून." दुसरी विचारत होती, ती शाल आता कुणी वापरणार आहे का. डॉक्टरीणबाईंना वाटलं, सरळ घरी जावं. कुणाकुणाला पुरं पडायचं माणसानं? पण पाय निघेना.

"ऐका," त्या म्हणाल्या. "देव मानू नका असं मी म्हणत नाही. तुमचं माणूस आत झुंजतंय, तुम्ही घाबरलायत, कुणाचा तरी आधार हवा असतो, हे मला कळतं. मीपण घाबरते. पण एक्स-रेत काही अघटित दिसलं तर नमस्कार करण्याआधी एवढंच करा. विचारा, हे कुठून आलं? अंगावरचं, अंगाखालचं सगळं काढायला लावा आणि फोटो परत काढायला सांगा. खरं असेल तर परत दिसेल. आणि जो माणूस तुम्हाला सांगतो की काढू नका, बघू नका, विचारू नका, त्याच्यापासून आपलं माणूस लांब ठेवा. आज तो पत्रा फक्त शालीत नव्हता. तिचं रक्त आमच्यापासून झाकत होता. अजून थोडा उशीर झाला असता, तर मी तुम्हाला काय सांगायला बाहेर आले असते?"

कुणीतरी मान हलवली. मोबाईलवाल्यानं फोटो पुसून टाकला की नाही, ते त्यालाच ठाऊक.

दुपारी बाई नीट शुद्धीवर आली. नवरा उशाशी, सासूबाई पायाशी. डॉक्टरीणबाईंनी मास्क जरासा बाजूला केला.

"कसं वाटतंय?"

"बरंय," ती म्हणाली. मग थांबून, श्वास घेऊन, "पाठीला टोचत होतं हो. कालपासून. मी सांगत होते."

डॉक्टरीणबाईंनी तिला कुशीवर वळवलं. फासळ्यांच्या काठानं, कातडीवर, लालभडक वळ उठला होता. काल तिनं पाठीकडे हात केला होता, तेव्हा त्यांनी फासळ्यांचं दुखणं समजून वेदनेचं इंजेक्शन वाढवलं होतं. शाल उचलून बघितली नव्हती.

सासूबाई तो वळ बघत राहिल्या.

"मला वाटलं, बाबांचा गुण येतोय. म्हणून म्हटलं, सोस," त्या म्हणाल्या. "अगं पण मग ओरडून का नाही सांगितलंस?"

"ओरडायला श्वास कुठे होता, आई?"