कॅरिबूचा नंबर

आईनं मरताना व्हर्नाला शपथच घातली होती, "खात्री होईपर्यंत तुझ्या भावाचं, लॉर्नचं नाव घरच्या थडग्याच्या दगडावर कोरायचं नाही." म्हातारी हट्टी ती हट्टीच! महायुद्धात, चव्वेचाळीसच्या ऑगस्टात, नॉर्मंडीत लॉर्न रणगाड्यासकट जळाला, असं सरकारनं कळवलं होतं. पण मागाहून त्याच्या पलटणीतल्या कुणीतरी एक फोटो धाडला. मागे तारीख सप्टेंबरची. रणगाड्यावर नाव 'कॅरिबू', लॉर्नच्याच रणगाड्याचं, आणि वरच्या झाकणातून दिसणारा एक पाठमोरा पोरगा. त्या पाठीनं आईचं उरलेलं आयुष्य खाल्लं. वाऱ्यानं दार वाजलं तरी ती कॉफी तापवायला उठायची. आता व्हर्नाही सत्तरीला टेकली होती.

पलटणीचं संग्रहालय सांभाळायचा विल्बर, गावचा निवृत्त दंतवैद्य. तिनं दोन्ही फोटो त्याच्यापुढे टाकले. दुसरा जुलैचा होता, कॅरिबूला टेकून लॉर्न दात काढत उभा.

"दाढ उपटतोस तसं सांग बाबा, एका झटक्यात."

"तुझी दाढ उपटली तेव्हा ओरडून गाव गोळा केलं होतंस," विल्बर भिंग लावत म्हणाला. मग त्यानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले.

"व्हर्ना, रणगाडा जळाला की नव्यावर तेच नाव रंगवायचे. नाव मरू द्यायचं नाही, अशी रीत होती त्यांची. पण नंबर सैन्य द्यायचं, प्रत्येक रणगाड्याला वेगळा. बघ, लॉर्नच्या रणगाड्याच्या नंबरात शेवटी सत्तेचाळीस. ह्या सप्टेंबरातल्याच्या शेवटी बारा."

"म्हणजे हा लॉर्न नव्हे?"

"हा बदली रणगाडा. लॉर्न आधीच गेला होता गं."

तिला हायसं वाटायला हवं होतं, पण तिची नजर फोटोतल्या त्या पाठीवरून हटेना. आईसारखीच तीही उभा जन्म परक्याच्या मुलाची वाट बघत होती, आणि तो अजून वळलाच नव्हता.

"मग हा कोण? हा तरी पोचला का रे घरी?"

विल्बरनं भिंग खिशात घातलं. "नाव नाही माहीत. पण ऑक्टोबरात तिसरा कॅरिबू आला, एवढं खरं."

दुसऱ्याच दिवशी व्हर्ना पाथरवटाकडे गेली. लॉर्नचं नाव कोरायला सांगितलं, आणि त्याखाली एक ओळ मोकळी सोडायला.

"तुमच्यासाठी का?" त्यानं विचारलं.

"नाही. आणखी एक मुलगा आहे आमचा," ती म्हणाली. "नाव कळलं की सांगते."